ग्लास फसवतो, हिशेब फसवत नाही

“बिअर म्हणजे काही दारू नव्हे,” असे वस्तीत सर्रास ऐकू येते. हिशेब करून पाहा. स्ट्राँग बिअरमध्ये ८ टक्के अल्कोहोल असेल, तर ६५० मिलीच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल ५२ मिली भरते. व्हिस्कीच्या ३० मिली पेगात ते सुमारे १३ मिली. म्हणजे एक बाटली बरोबर चार पेग!

त्यात ग्लासही फसवतो. २०१२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या प्रयोगात सरळ ग्लासातली बिअर संपवायला सुमारे ११ मिनिटे लागली. वर रुंद होत जाणाऱ्या ग्लासातली ७ मिनिटांतच संपली. अशा ग्लासात बिअर निम्म्या उंचीवर आली की निम्मीच प्यायली असे वाटते. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त पोटात गेलेली असते.

जर्मनीत बारच्या ग्लासावर मापाची रेघ लागते. बिअर रेघेपर्यंत, फेस त्याच्या वर. त्यामुळे किती विकले आणि किती प्यायले, दोन्ही कळते.

पाचवे शील पाळणाऱ्या घराला हा हिशेब लागत नाही. पण घरात कोणी पीत असेल, तर ‘एकच बाटली घेतली’ यावर जाऊ नका. लेबलवरचे मिली आणि टक्के वाचा, त्यालाही वाचून दाखवा.