दोनशे रुपयांची हमी

पगाराचे पत्रक हाती आले की नोकरदार माणूस एकच आकडा पाहतो : घरी किती येणार! कपातीच्या रकान्यात 'व्यवसाय कर' म्हणून बहुतेकांचे दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये गेलेले असतात. वर्षाचे अडीच हजार. हा कर मुळात कशासाठी सुरू झाला, हे ठाऊक असणारी माणसे आपल्या शहरी घरांत थोडीच. त्यामागे एका लोकप्रतिनिधीच्या चिकाटीची हकीकत आहे.

विठ्ठल सखाराम पागे हे ते गृहस्थ. सांगली जिल्ह्यातले. 1960 पासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतींचे काम म्हणजे स्वतः थोडे बोलायचे आणि इतरांना बोलू द्यायचे. पण पागे यांनी मांडलेला प्रश्न मोठमोठ्या भाषणांना पुरून उरला. अंगात बळ आहे, कष्टाची तयारी आहे, तरी पावसाने पाठ फिरवली म्हणून माणसाने उपाशी का राहावे? 1969 साली तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. सूत्र चार शब्दांचेही नव्हते : मागेल त्याला काम.

पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. सुकडी, मिलो आणि खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा, हे सारे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलेले आहे. दुष्काळी कामे त्याआधीही निघत. पण ती सरकारला वाटेल तेव्हा निघत आणि सरकारला वाटेल तेव्हा बंद होत. पागे यांची योजना निराळी होती. ती 'रोजगार हमी' योजना होती. मी मराठी शिकवतो, म्हणून या शब्दापाशी जरा थांबतो. मदत ही देणाऱ्याच्या मर्जीची असते. हमी घेणारा मात्र स्वतःला बांधून घेतो. 'मदत' या शब्दाच्या जागी 'हमी' हा शब्द येताच याचना करणारा हक्कदार झाला!

आता हमी म्हटली की पैसा आला. 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. मोटारींवर जादा कर बसला, बागायती जमिनीवर आकारणी झाली, आणि या करांतून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाने भरलेल्या रुपयाला सरकारचा रुपया जोडला जाई, आणि दूर माणदेशात एखादा पाझर तलाव उभा राही. नालाबांध झाले, विहिरी झाल्या, गावोगावचे रस्ते झाले. जिथे बैलगाडी रुतत होती तिथे एसटी जाण्याची वाट याच मजुरांनी डोक्यावर पाट्या वाहून तयार केली. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि मजुरीचा दर पुरुषांइतकाच होता.

सारे गोड झाले असे मात्र नव्हे. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी वेळेवर मिळेना, कुठे रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला. कायदा चांगला म्हणून अंमल चांगला, असे आपोआप होत नाही. त्यावर डोळे ठेवणारी माणसे लागतात.

1977 साली दोन्ही सभागृहांनी हा कायदा एकमताने संमत केला, आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पुढे 2005 साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचाच कित्ता होता.

यातली एक गोष्ट तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावी. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या खेड्यातल्या मुलामुलीला या कायद्याने काम मागण्याचा हक्क दिला. मताचा हक्क मात्र तेव्हा एकविसाव्या वर्षी मिळे. तो अठरावर आला 1989 साली. टिकाव-फावडे हाती घेणाऱ्याला मतपत्रिकेसाठी दहा वर्षे थांबावे लागले!

आणि आज? आमदाराचे काम काय, असे मी वर्गात विचारले, तेव्हा उद्घाटने, गटारे, वर्गणी अशी उत्तरे आली. कायदा करणे हे उत्तर एकाच मुलीने दिले, तेही भीतभीत. दोष मुलांचा नाही. घरांतून आपण तेवढेच बोलतो.

मतदारयादीत नाव घालण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा वर्षे पुरी झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. पागे ज्या सभागृहाचे सभापती होते, तिथल्या 78 जागांपैकी 7 पदवीधरांच्या आहेत. मात्र त्यासाठी दर निवडणुकीला नव्याने नोंदणी करावी लागते, आणि भिंतीवर पदवी टांगणारे आपण शिकलेले लोक नेमके तिथेच आळस करतो. दिवाळीत घरातली सारी मुले एकत्र जमलेली असतात. फराळाची ताटे उचलण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे, की बाळांनो, तुमची नावे यादीत आहेत ना?