प्रारंभिक स्तनकर्करोग : शल्यक्रियेची बदलती भूमिका

प्रस्तावना :
स्तन गमवावा लागेल या भीतीने अनेक स्त्रिया स्तनातील गाठ लपवितात आणि उपचारांना विलंब होतो. वास्तविक रोगाचे निदान लवकर झाल्यास संपूर्ण स्तन काढणे आज बहुतेक वेळा अपरिहार्य नसते. हे परिवर्तन कसे घडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

हालस्टेड यांची उपपत्ती :
अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हालस्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या शल्यक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोग स्तनातून काखेतील लसिकाग्रंथींत व तेथून क्रमाक्रमाने शरीरात पसरतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्रितपणे काढल्या जात. सुमारे पाऊणशे वर्षे हीच पद्धत प्रमाण मानली गेली. हात सुजणे, खांदा आखडणे ही तिची किंमत स्त्रियांनी मोजली.

चाचण्यांचा कौल :
कर्करोगाच्या पेशी प्रारंभीच रक्तावाटेही पसरू शकतात, असे अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांनी प्रतिपादन केले. तसे असेल तर केवळ शल्यक्रियेचा विस्तार वाढवून आयुष्य वाढणार नाही, हे ओघानेच आले. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीत संपूर्ण स्तन काढणे आणि केवळ गाठ काढणे यांची तुलना झाली. मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांमध्ये हालस्टेड पद्धतीची तुलना स्तन राखणाऱ्या शल्यक्रियेशी केली. २००२ मध्ये दोन्ही चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र फिशर यांच्या चाचणीत केवळ गाठ काढलेल्या ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग उलटला. किरणोपचारांची जोड दिलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते.

काखेतील शल्यक्रिया :
१९९० च्या दशकात प्रहरी ग्रंथींची तपासणी रूढ झाली. गाठीकडून येणारा लसिकाद्रव ज्या ग्रंथींत प्रथम पोहोचतो, त्या प्रहरी ग्रंथी होत. त्या निर्दोष असल्यास उर्वरित ग्रंथी राखता येतात. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असून काखेची सोनोग्राफी निर्दोष असल्यास निवडक रुग्णांत ही तपासणीही टाळता येते, असे २०२३ मध्ये इटलीप्रणीत चाचणीतून दिसून आले.

भारतीय योगदान :
मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निष्कर्षही २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शल्यक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे बधिरक टोचल्याने पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. किती कापावे याबरोबरच कापतेवेळी काय करावे, हा प्रश्नही यामुळे महत्त्वाचा ठरला.

समारोप :
शल्यक्रिया आजही उपचारांचा आधारस्तंभ आहे. तथापि ती औषधोपचार व किरणोपचार यांची सहकारी बनली आहे. किरणोपचार केंद्र दूर असलेल्या स्त्रीपुढे स्तन राखण्याचा पर्याय बहुधा कागदावरच राहतो. म्हणून लवकर निदानाइतकेच किरणोपचारांची उपलब्धता वाढविणे अगत्याचे होय.