कोरडेपणाची कैफियत

पेनसिल्व्हेनियातून वैद्यकीची पदवी संपादून १८८६ साली स्वदेशी परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रीकक्षाच्या प्रमुखपदी नेमणूक केली होती. परंतु त्या जागेवर रुजू होण्याचे भाग्य त्यांच्या ललाटी नव्हते, आणि वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच नगरीत स्त्रियांची शुश्रूषा केली. त्या इस्पितळाचे आजचे नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असे असले, तरी जुना कोल्हापूरकर त्याला अजून 'थोरला दवाखाना'च म्हणतो. परपुरुषासमोर आपले दुखणे उघड करण्यास स्त्री धजत नाही, म्हणून तिच्यासाठी स्त्रीवैद्य हवी, हा त्या काळच्या खटपटीचा मूळ हेतू होता. आता स्त्रीवैद्य गल्लोगल्ली आहेत. तथापि एक तक्रार अशी आहे, की जी त्यांच्यासमोरही सरळ जिभेवर येत नाही.

ती आडवळणाने येते. पन्नाशी उलटलेली बाई 'लघवीला आग हुतीया बघा' एवढेच सांगते, फार तर खाज सुटते म्हणते, आणि तिच्या हाती प्रतिजैविकांच्या गोळ्यांची चिठ्ठी पडते. दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा त्याच बाकावर येऊन बसते. संबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदनेचा उच्चार ती करीत नाही आणि बहुधा तिला कोणी विचारीतही नाही. पाळी गेल्यावर बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटते, त्यामुळे योनिमार्गाचे अस्तर पातळ, फिकट व कोरडे होते. या अस्तरात साठणाऱ्या शर्करेवर उपजीविका करून तेथील आम्लता राखणारे उपकारक जंतू उपाशी पडतात, आम्लता घटते, आणि मूत्रमार्गाचे तोंड त्याच ऊतींचे शेजारी असल्यामुळे रोगजंतूंना तिकडचीही वाट मोकळी होते. याला योनिशोष म्हणतात. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा वर्षे लोटली की बहुधा आपोआप ओसरतात. हा शोष मात्र उपचारावाचून वयाबरोबर वाढत जातो. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांच्या आसपास स्त्रियांना त्याचा कमी-अधिक उपद्रव होतो, आणि भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने छेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारासच, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीहून चार-पाच वर्षे आधी जात असल्यामुळे, तिच्या वाट्याला हा काळ लवकर येतो.

काहींना तर तो तारुण्यातच येतो. उसाच्या हंगामात मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत कोयता घेऊन उतरणाऱ्या स्त्रियांपैकी बीड जिल्ह्यातील कित्येकींच्या गर्भपिशव्या ऐन तारुण्यात काढल्या गेल्याचा बोभाटा २०१९ साली झाला व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भपिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले असतील, तर इतरांना पन्नाशीत हळूहळू येणारा कोरडेपणा अशा बाईला पस्तिशीत एकाएकी गाठतो. आणि पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधताना खाली आग होते, हे ती मुकादमाला सांगणार नाही, हे उघडच आहे.

हा विकार आमच्या पूर्वजांना अज्ञात नव्हता. चरकसंहितेतील वीस योनिव्यापदांत, म्हणजे योनिरोगांत, 'शुष्का' नावाची एक आहे आणि तैलात भिजविलेला पिचू, म्हणजे कापसाचा बोळा, धारण करणे हा जुन्या वैद्यांचा परिचित उपचार होता. उलट अलीकडच्या विद्वानांनी या विकाराचे नामांतर करण्यासाठी खटाटोप केला. २०१४ साली अमेरिकेतील दोन विद्वत्संस्थांनी जुनी 'शोष' ही संज्ञा मोडीत काढून जनन व मूत्र या दोन्ही संस्थांचा समावेश करणारे एक लांबलचक नाव मुक्रर केले, आणि त्यामागे जी कारणे दिली, त्यांत योनिवाचक शब्द चारचौघांत व वृत्तपत्रांत सहजी उच्चारता येत नाही, हेही एक होते. संकोच हा केवळ आमच्याच घरचा पाहुणा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

जिथे दुःख मोठे आणि बोलणे निषिद्ध, तिथे व्यापाराला सुपीक जमीन मिळते. गेल्या दशकात योनिशोषावर किरणयंत्रे आली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध यंत्र कर्बद्विप्राणिद वायूच्या लेसरचे. इटलीतील निर्मात्यांनी त्याच्या उपचाराला चक्क मोनालिसाचे नाव दिले. (रुक्ष वैद्यकीय शब्दाला लाजणारी स्त्री त्या स्मितहास्याला लाजणार नाही, हे त्यांनी अचूक ओळखले होते.) हा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत प्रथम सिद्ध करणारे शास्त्रज्ञ सी. कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, आणि पाणी तो अधाशीपणाने शोषून घेते; मानवी ऊती बव्हंशी पाण्याच्याच असल्यामुळे तो पडतो तेथील अतिसूक्ष्म भागाची तत्क्षणी वाफ होते. योनिमार्गात एक नळी घालून तिच्यातून हा किरण बारीक ठिपक्यांच्या रूपाने सोडतात. ठिपक्यांच्या मधली त्वचा अबाधित राहते आणि जखमा भरून येताना नवे तंतू व नव्या रक्तवाहिन्या निर्माण होऊन अस्तर पुन्हा पुष्ट होईल, अशी त्यामागची कल्पना. महिना-दीड महिन्याच्या अंतराने तीन बैठका होतात. एर्बियमचे लेसर आणि रेडिओलहरींनी ऊती तापविणारी यंत्रे ही त्याच घराण्यातली.

कल्पना निर्बुद्ध नाही, हे कबूल केले पाहिजे. मिलानमध्ये २०१४ साली पन्नास स्त्रियांवर केलेल्या पहिल्या प्रयोगात बहुतेकींना आराम वाटला. पण त्या प्रयोगात तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि तीन वेळा मायेने तपासणी होऊन, प्रथमच कोणीतरी आपली कैफियत पुरती ऐकून घेतल्यावर आराम कोणाला वाटणार नाही? ही शंका फेडण्याचा मार्ग एकच : निम्म्या स्त्रियांना खरा किरण द्यायचा आणि निम्म्यांना तेच यंत्र, तीच नळी व तोच आवाज, पण किरण नाममात्र, आणि कोणाला काय मिळाले, याचा पत्ता त्यांना लागू द्यायचा नाही. सिडनी येथे पंच्याऐंशी स्त्रियांवर असा प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २०२१ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीस दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. बेल्जियममधील लूव्हेन येथेही तेच घडले. काही लहान प्रयोगांत लेसरचा फायदा दिसला आहे, हे खरे. परंतु लुटुपुटुच्या किरणाने जर स्त्रियांना बरे वाटते, तर खऱ्या किरणाचे दाम मोजण्यापूर्वी पुराव्याची रुजुवात कसून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर ३० जुलै २०१८ रोजीच जाहीर इशारा दिला होता. ही यंत्रे गर्भाशयमुखाच्या विकृत पेशी किंवा चामखिळी जाळण्यासारख्या कामांसाठी मंजूर झालेली आहेत. रजोनिवृत्तीच्या लक्षणांवर किंवा 'योनीचे तारुण्य' परत आणण्यासाठी त्यांना मंजुरी नाही, आणि त्यांच्या वापरानंतर भाजणे, व्रण राहणे, संबंधाच्या वेळी व पुढेही सतत वेदना होणे असे प्रकार नोंदले गेले आहेत, असे त्या इशाऱ्यात स्पष्ट म्हटले होते. सात निर्मात्यांना खुलासा मागणारी पत्रेही गेली. कोल्हापूरच्या गृहिणीच्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या झुळझुळीत जाहिरातीत यातला एकही तपशील नसतो.

अशी दुसरी साधने आहेत, ज्यांचा गाजावाजा कोणी करीत नाही. कोरडेपणा सौम्य असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारे ओलावा देणारे मलम नियमाने लावणे आणि संबंधाच्या वेळी वंगण वापरणे एवढ्याने भागते. मार्ग आकुंचित झाला असेल, तर निरनिराळ्या जाडीच्या गुळगुळीत नळ्यांनी तो हळूहळू सैल करतात. आणि मुख्य म्हणजे इस्ट्रोजेनचे योनीत लावायचे मलम : प्रारंभी साधारण दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, काही आठवड्यांत अस्तर पुन्हा जाड व ओलसर होऊ लागते. वारंवार मूत्रमार्गाचा दाह होणाऱ्या त्र्याण्णव स्त्रियांवर इस्रायलमध्ये केलेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी अर्धा झटका आला, नुसते बिनऔषधी मलम लावणाऱ्यांना जवळजवळ सहा. प्रतिजैविकांच्या त्या पुनःपुन्हा लिहिल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांचा हिशेब यावरून ज्याने त्याने मांडावा. अंग बाहेर येते म्हणून आत कडी बसविलेल्या वृद्धांनाही हे मलम देतात. कोरड्या अस्तराला कडी घासून जखम होते, ती टळावी म्हणून.

स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. तिच्या बाबतीत संप्रेरकाचे मलम कर्करोगतज्ज्ञाच्या मसलतीवाचून देऊ नये, आणि लेसरचे विक्रेते नेमके तिलाच गाठतात. पण पुराव्याचे पारडे तिच्यासाठी वेगळे झुकत नाही. तिने आरंभ बिनसंप्रेरकी मलमापासून करावा. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून एकदा जरी लाल गेले, तरी तो कोरडेपणाच असेल असे घरच्या घरी ठरवून न टाकता तपासणी करून घ्यावी, कारण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा तीच असते.

मलमाच्या मार्गातला खरा अडसर त्याच्या खोक्यातच घडी घालून ठेवलेला असतो. सबंध शरीरात भिनणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्यांसंबंधीचे इशारे, रक्ताच्या गाठी, पक्षाघात, कर्करोग इत्यादी, या मलमाच्या माहितीपत्रकावरही बारीक टायपात छापण्याची वहिवाट पडली. वास्तविक अल्प मात्रेतील मलमाचा रक्तात उतरणारा अंश अत्यल्प असतो. बाईला चष्मा लावूनही ते पत्रक वाचवत नाही, म्हणून ती कागद सुनेपुढे धरते. सून दोन ओळी वाचते आणि गप्प होते. मलमाची नळी कपाटात साड्यांच्या घडीखाली जाते, आणि पुढच्या महिन्यात बाई थोरल्या दवाखान्याच्या बाकावर लघवीच्या आगीची तक्रार घेऊन पुन्हा बसलेली असते.