गर्भवती, मांजर आणि परसबागेतील माती

वर्धा जिल्ह्यातील कास्तकाराच्या घरी मांजर ही केवळ हौसेची गोष्ट नसून तो एक उपयोगी प्राणी आहे. तुरीची व गव्हाची कणगी, सोयाबीनची पोती, कुटाराचा ढीग आणि घरात साठविलेला कापूस ही सर्व उंदरांची आवडती ठिकाणे होत. एक चांगले मांजर घरी असले म्हणजे धान्याची पुष्कळ नासाडी टळते. शिवाय हा प्राणी आपली विष्ठा उघड्यावर ठेवीत नाही, मऊ जागा उकरून तीत ती झाकून टाकतो. यावरून मांजराला स्वच्छ प्राणी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु गर्भवती स्त्रीच्या दृष्टीने विचार केल्यास नेमकी हीच सवय काळजीचे कारण ठरते. जे झाकले गेले ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यात हात सहज घातला जातो.

सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातील कोणतेही साधे घर डोळ्यांपुढे आणावे. घरची सून पहाटे उठून चुलीतील राख काढते, शेळ्यांची जागा झाडते आणि न्हाणीच्या पाण्यावर केलेल्या वाफ्यात सांबार व मेथीचे निंदण करते. काळी भारी माती ओली असली की ती नखांत जाऊन बसते. नंतर पाण्याने हात नुसते ओले करून कणीक मळली जाते. मांजराला मऊ जागा लागते आणि ती त्याला याच घरात राखेच्या ढिगात, वाफ्यात, कुटारात व बांधकामासाठी आणलेल्या वाळूत मिळते. या सुनेला कदाचित दिवस गेलेले असतात, पण तिला स्वतःलाही त्याची अद्याप खात्री नसते. प्रस्तुत लेखाचा विषय नेमक्या याच अवस्थेचा आहे.

रोगाचे कारण

टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक अतिसूक्ष्म परजीवी आहे. १९०८ साली तो ट्युनिस येथे एका उंदरासारख्या प्राण्यात आणि ब्राझीलमध्ये सशात प्रथम आढळला. हा परजीवी माणूस, शेळी, मेंढी, डुक्कर, उंदीर, पक्षी अशा अनेक प्राण्यांच्या शरीरात राहू शकतो. परंतु त्याची अंडीसदृश बीजे केवळ मांजराच्या व मांजरकुळातील प्राण्यांच्या आतड्यातच तयार होतात व विष्ठेतून बाहेर पडतात.

निरोगी माणसास या रोगाचा त्रास बहुधा जाणवत नाही. काहींना थोडा ताप येतो, काहींच्या मानेतील गाठी सुजतात आणि काही दिवसांत सर्व पूर्ववत होते. मात्र गर्भारपणात हा संसर्ग प्रथमच झाल्यास परजीवी वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे गर्भपात होणे, मूल मृत जन्मणे, मेंदूत पाणी साठणे किंवा डोळ्यांच्या आतील पडद्यास इजा होणे असे परिणाम संभवतात. काही मुले जन्मतः निकोप दिसतात, परंतु पुढे काही वर्षांनी त्यांच्या दृष्टीत दोष उत्पन्न होतो.

शाकाहारी घरही निर्धास्त नाही

हा रोग फक्त अर्धकच्च्या मांसातून होतो, अशी पूर्वी अनेकांची समजूत होती. १९५९ साली मुंबईतील शाकाहारी व मांसाहारी लोकांच्या रक्ताची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत शाकाहारी लोकांतही संसर्गाच्या खुणा आढळल्या. ज्यांनी मांस कधी खाल्ले नाही त्यांच्या शरीरात हा परजीवी कोणत्या वाटेने शिरला, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र झाला. १९७० च्या सुमारास याचे उत्तर मिळाले. मांजराच्या विष्ठेतील टिकाऊ बीजांचा शोध लागला आणि माती, भाजीपाला व पाणी यांचा या रोगाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. या शोधकार्यात मूळचे भारतीय पशुवैद्यक डॉ. जितेंदर प्रकाश दुबे यांचा महत्त्वाचा वाटा होता.

तात्पर्य, घरी मांस शिजत नाही किंवा घरी मांजर पाळलेले नाही एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही. शेजारचे मांजरही रात्री आपल्या वाफ्यात येऊन जाते.

एका दिवसाचे महत्त्व

या परजीवीची एक गोष्ट शेतकऱ्याने नीट ध्यानी ठेवावी. मांजराच्या ताज्या विष्ठेतील बीजे लगेच रोग उत्पन्न करू शकत नाहीत. हवा, ओलावा व ऊब मिळाल्यावर १ ते ५ दिवसांत ती पक्व होतात आणि त्यानंतरच संसर्गक्षम ठरतात. विष्ठा रोजच्या रोज काढून टाकल्यास धोका पुष्कळ कमी होतो तो यामुळेच. याउलट ती पक्व होऊन मातीत मिसळली तर सावलीच्या ओलसर जागेत वर्षभराहूनही अधिक काळ जिवंत राहू शकते. वैशाखातील कडक ऊन व कोरडी माती यांत बीजांचा टिकाव कमी लागतो. परंतु न्हाणीजवळचा वाफा, गोठ्याची सावली आणि पावसाळ्यातील जमीन या जागा त्यांना मानवतात.

दुसरी गोष्ट मांजराच्या वयाची. बहुतेक मांजरांना हा संसर्ग लहानपणी, उंदीर वा पाखरू मारून खाऊ लागल्यावर होतो. त्यानंतर एक ते तीन आठवडे ते विष्ठेतून लक्षावधी बीजे टाकते. पुढे सहसा ते पुन्हा बीजे टाकीत नाही. म्हणून जुन्या, वयस्क मांजरापेक्षा नुकतेच शिकार करू लागलेले पिल्लू अधिक धोक्याचे होय. घरात गर्भवती स्त्री असताना किंवा मूल होण्याची अपेक्षा असताना नवे पिल्लू आणू नये.

मांजराला हात लावल्याने हा रोग सहसा होत नाही, कारण ते आपले अंग चाटून स्वच्छ ठेवते. यास्तव घरचे मांजर हाकलून देण्याचे किंवा मारण्याचे काहीच कारण नाही. तसे केल्यास उंदीर मात्र माजतील आणि धान्याच्या नासाडीबरोबर उंदरांपासून होणारे इतर रोगही वाढतील.

खात्री होईपर्यंत थांबू नये

गर्भारपणाच्या आरंभी झालेला संसर्ग गर्भापर्यंत पोहोचण्याचा संभव कमी असतो, परंतु पोहोचल्यास इजा अतिशय गंभीर होते. उत्तरार्धात पोहोचण्याचा संभव वाढतो व इजेची तीव्रता कमी असते. म्हणजे ज्या आठवड्यांत स्त्रीला आपण गर्भवती आहोत याची पुरती जाणीव नसते, त्याच आठवड्यांत सर्वांत जपावयास हवे. डोहाळे लागेपर्यंत किंवा घरच्या वडीलधाऱ्यांना सांगेपर्यंत थांबल्यास हे महत्त्वाचे दिवस हातचे निघून जातात.

यावर उपाय एकच. पाळी चुकली असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर त्या स्त्रीने गर्भवती असल्याप्रमाणेच वागावे. आशा स्वयंसेविकेकडील निश्चय संचाने लघवीची तपासणी घरच्या घरी होते. गर्भारपणाची नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांच्या आत करावी.

घरातील व्यवस्था

मांजराची घाण काढण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणीतरी पत्करावे. हे काम पतीने, दिराने किंवा सासऱ्याने करण्यात कमीपणा मानू नये. पुढील व्यवस्था कोणत्याही घरी, फारसा खर्च न करता होऊ शकते.

१. मांजरासाठी एक जागा ठरवावी. जुन्या घमेल्यात किंवा ट्रेमध्ये कोरडी वाळू घालून ते घरातील स्वयंपाकाच्या जागेपासून दूर ठेवावे.

२. त्यातील विष्ठा दररोज, ठरलेल्या वेळी काढावी. ती विहिरीपासून व वाफ्यांपासून दूर, हातभर खोल खड्ड्यात पुरावी. भाजीपाल्याच्या खतात ती मिसळू नये, कारण खताच्या ढिगाच्या कडा पुरेशा तापत नाहीत.

३. रिकामे घमेले उकळत्या पाण्याने धुवावे. ब्लीचिंग पावडर किंवा फिनेल यांवर विसंबू नये, कारण त्यांनी ही बीजे खात्रीने मरत नाहीत.

४. भांडी घासण्याची राख चुलीतून काढून थेट झाकणाच्या डब्यात भरावी. उघड्या ढिगातील राख त्या कामासाठी घेऊ नये.

५. वाळूचा ढीग ताडपत्रीने झाकावा. लहान मुले तेथे खेळतात, त्यांच्याही दृष्टीने हे इष्ट आहे.

घरात दुसरे कोणीच नसेल आणि गर्भवतीलाच हे काम करणे भाग पडले, तर तिने रबरी हातमोजे घालावेत किंवा हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी, काम रोजच्या रोज करावे आणि नंतर साबणाने, नखांसह, हात स्वच्छ धुवावेत. फवारणीसाठी वापरलेले हातमोजे या कामी कदापि घेऊ नयेत.

निंदण व भाजीपाला

परसबागेतील व शेतातील निंदणात हातमोजे वापरावेत. ते नसतील तर लांब दांड्याच्या अवजाराने काम करावे व तोंडाला हात लावू नये. विडा, तंबाखू किंवा शिदोरी खाण्यापूर्वी साबणाने हात धुतलेच पाहिजेत. शेतात जाताना पाण्याच्या कॅनसोबत साबणाची वडी नेण्याची सवय सर्वच बायकांनी लावून घ्यावी. वाफ्याभोवती बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्या अंथरल्यास मांजर तेथे उकरीत नाही. सांबार, मुळा, गाजर, काकडी यांसारखा कच्चा खावयाचा माल वाहत्या पाण्यात चोळून धुवावा व शक्य तेथे सोलून घ्यावा. पालेभाजी शिजवूनच खाणे उत्तम.

शेळीचे वेत

शेळ्यामेंढ्यांत गर्भपात होण्याचे हा परजीवी एक कारण आहे. गाभडलेल्या शेळीचे किंवा गाईचे मृत पिल्लू, वार व स्राव यांतून ब्रुसेल्लोसिससारखे अन्य रोगही माणसास जडतात. म्हणून वेत करविण्याचे व वार उचलण्याचे काम गर्भवतीने मुळीच करू नये. वार उघड्यावर टाकल्यास कुत्री व मांजरे ती खातात आणि रोगाचे चक्र चालू राहते. चुना टाकून ती खोल पुरावी व गर्भपात झाल्याचे पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

मांस, दूध व पाणी

मटण व कोंबडी आतपर्यंत शिजली पाहिजे. गुलाबी राहिलेला तुकडा गर्भवतीने खाऊ नये. कच्चे मांस कापल्यावर विळी, पाट व हात साबणाने धुवावेत. शेळीचे दूध उकळल्याशिवाय पिऊ नये. पाण्याकडेही दुर्लक्ष होता कामा नये. तामिळनाडूत कोईमतूर येथे २००४-०५ च्या सुमारास या परजीवीमुळे डोळ्यांच्या विकाराची साथ आली, तेव्हा पिण्याच्या पाण्यावर संशय व्यक्त झाला होता. क्लोरीनने ही बीजे खात्रीने मरत नसल्यामुळे गर्भवतीसाठी पाणी उकळून ठेवणे चांगले.

तपासणी व गैरसमज

रक्ताच्या तपासणीत जुना संसर्ग दिसून आला, तर घाबरण्याचे कारण नसते. पूर्वी होऊन गेलेला संसर्ग निरोगी स्त्रीच्या पुढील गर्भास बहुधा संरक्षणच देतो. काही घरी मात्र अशा अहवालावरून सुनेलाच दोष लावला जातो आणि वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे खापर तिच्यावर फोडले जाते. हे शास्त्राला धरून नाही व न्यायालाही धरून नाही. संसर्ग नवा की जुना हे अहवालावरील एका शब्दावरून ठरत नाही, ते डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. संसर्ग नवा असेल तर त्यावर औषधोपचार आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेस गर्भवतींची तपासणी होते, त्या वेळी घरी मांजर वा शेळ्या असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ महिलांच्या सभेत मांडून थांबू नये. परसबागेची व शेळीपालनाची माहिती देताना तो पुरुषांपुढेही मांडावा, कारण काम वाटून घेण्याचा निर्णय बहुधा त्यांच्या हाती असतो. आशा व अंगणवाडी सेविकांच्या मदतीने नवविवाहितांच्या घरी आधीच भेट द्यावी.

१९३५ साली मगनवाडीत वास्तव्य असताना गांधीजी व त्यांचे सहकारी वर्ध्यालगतच्या सिंदी गावी सफाईचे काम करीत. घाण उचलणे हे कोणा एकाचे काम नव्हे, हा धडा याच जिल्ह्याने देशाला दिला आहे. त्याचा अवलंब घराच्या अंगणात करावयाचा तो एवढाच, की सुनेला दिवस गेल्याची शंका येताच खुरपे व राखेचे घमेले घरातील दुसऱ्या माणसाने उचलावे. त्यास दमडीचाही खर्च नाही, आणि जन्मास येणाऱ्या मुलाचे डोळे त्याने वाचू शकतात.