बंद घराची राखण : गावातल्या हातांना एक जोडधंदा



घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाचा हात फिरायचा थांबला की खरेखुरे वासेही लवकर फिरतात. वसईसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या मुलुखात तर त्याला एक पावसाळा पुरतो. कडीकोयंड्याला गंज चढतो, दाराच्या चौकटीला वाळवी लागते, गच्चीची मोरी पाल्याने तुंबते आणि साचलेले पाणी भिंतीत मुरते.

अशी बंद घरे आज वसई तालुक्यात जागोजाग दिसतात. गास, निर्मळ, भुईगाव, आगाशीच्या पट्ट्यात वाडीतली जुनी घरे आहेत, पण मुले नोकरीसाठी परदेशी आहेत. नालासोपारा, विरारकडे इमारतींमध्ये कुलपे लागलेल्या खोल्या आहेत. त्यांतल्या काहींच्या दारावर बँकेची ताबा-नोटीस चिकटवलेली असते. अशा घरांची साफसफाई आणि निगा राखणे हा एक चांगला जोडधंदा होऊ शकतो. अमेरिकेत २००८ च्या सुमारास कर्जापायी लाखो घरे बँकांकडे गेली, तेव्हा गवत कापणे, कुलपे बदलणे, कचरा काढणे एवढ्या कामावर कित्येक लहान उद्योग उभे राहिले. आपल्याकडे कामाचे प्रमाण लहान आहे, पण गरज तीच आहे.

आधी कायदा समजून घ्या

घरकर्ज थकले म्हणजे बँक लगेच कुलूप लावते, असे नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक आधी ६० दिवसांची नोटीस देते. त्यानंतर ताबा घेता येतो. ताब्याची सूचना घरावर लावावी लागते व दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते. प्रत्यक्ष ताबा मिळत नसेल तर बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. कर्जदाराला ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सारी थकबाकी व खर्च भरून घर सोडवूनही घेता येते. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये दिला.

शेतजमिनीच्या तारणाला सरफेसी कायदा लागू नाही, हे तुम्ही स्वतःसाठीही लक्षात ठेवा. मात्र म्हणून शेतीचे कर्ज बुडवले तरी चालते, असा अर्थ काढू नका. सहकारी संस्थांना १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली वसुलीचा दाखला मिळवून जप्ती करता येते.

आता धंद्याच्या कामाचा मुद्दा. या कायद्याच्या नियमांत असे आहे की, ताब्यात घेतलेल्या घराची काळजी शहाणा मालक आपल्या मालमत्तेची घेईल तशीच घेतली पाहिजे. ही जबाबदारी बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्यावर असते. तो स्वतः झाडू घेऊन येणार नाही. त्याला विश्वासाची माणसे लागतात. तेथे तुमचे काम सुरू होते.

गिऱ्हाईक कोण?

पहिले गिऱ्हाईक बँक. शाखेत नव्हे, तर वसुली विभागातील अधिकृत अधिकाऱ्याकडे जा. दुसरे गिऱ्हाईक लिलावात घर घेणारा. बँक घर ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विकते, तेव्हा आतला कचरा काढणे नव्या मालकाच्याच गळ्यात पडते. तिसरे गिऱ्हाईक दूर राहणारे घरमालक. आरंभ यांच्यापासून करावा हे बरे, कारण ते ओळखीचे असतात, दरमहा ठरलेले पैसे देतात आणि त्यांच्या शिफारशीवर पुढची कामे मिळतात. चौथे गिऱ्हाईक गृहनिर्माण सोसायटी. एका बंद खोलीची गळती खालच्या बिऱ्हाडाला छळते, म्हणून सोसायटीही मालकाच्या मागे लागते.

काम कसे करावे

पहिल्या दिवशी झाडू उचलू नका. आधी मोबाईलवर प्रत्येक खोलीचे फोटो घ्या, विजेच्या मीटरचा आकडा लिहा, सामानाची यादी करून त्यावर काम देणाऱ्याची सही घ्या. काम संपल्यावर त्याच जागांचे फोटो पुन्हा घ्या. एक जाड वही ठेवा. तारीख, वेळ, कोण गेले, काय केले, किल्ली कोणाकडे, हे सारे तिच्यात लिहा. या धंद्यात वही हीच तुमची साक्षीदार आहे.

हत्यारे आपल्या घरचीच आहेत : पहार, फावडे, घमेले, कोयता, खराटा, बादली, शिडी. त्यात गमबूट, रबरी हातमोजे, मास्क आणि विजेरी एवढी भर घाला. बंद घरात उंदरांचा वावर असतो आणि त्यांच्या मुतापासून लेप्टो होतो. भातखाचरात काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. साप दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात जीव जातो. ते काम यंत्राच्या गाडीकडूनच करून घ्यावे.

वर्षाचे वेळापत्रक शेतीसारखेच असते. मे महिन्यात कौले चाळून घ्या, पन्हाळी व गच्चीच्या मोऱ्या मोकळ्या करा. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात किती पाणी भरले ते आठवा, आणि तळमजल्यावरचे सामान पावसाआधीच उंचावर ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडून घराला वारा द्या आणि कोठेही साचलेले पाणी ओता. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्याची फेरी चुकवू नये. लावणीच्या दिवसांत पुरुष खाचरात असले तर ही फेरी बचत गटातल्या भगिनींनी घ्यावी.

घरामागे वाडी असेल तर तिकडेही बघा. पडलेला माड तसाच कुजू दिला तर त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि शेजाऱ्याचे उभे माड पोखरतो. बंद वाडीची निगा राखणे म्हणजे शेजारच्या बागाइतदाराचेही पीक राखणे आहे. मात्र महापालिका हद्दीत उभे झाड परवानगीवाचून तोडू नका. पैसे घेऊन कीटकनाशक फवारायचे तर १९६८ च्या कायद्याखाली परवाना लागतो. रात्रीचा पहारेकरी पुरवायचा तर २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याचा परवाना लागतो. तो नसेल तर ही कामे परवानाधारकाकडे सोपवा.

हिशेब आणि कागद

नमुन्यादाखल एक हिशेब मांडू. दोन खोल्यांचे घर आहे. तीन माणसे एक दिवस, प्रत्येकी ८०० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये. टेम्पो १,५०० रुपये. साहित्य ६०० रुपये. एकूण ४,५०० रुपये. हत्यारांची झीज, जाणे-येणे आणि उधारीची रखड यांसाठी २० टक्के, म्हणजे ९०० रुपये. झाले ५,४०० रुपये. नफा यावर धरायचा. आकडे तुमच्या गावच्या दराने बदला, पण पद्धत बदलू नका. बँकेचे बिल रखडू शकते, म्हणून दोन महिन्यांची मजुरी हाताशी असल्यावाचून मोठे काम घेऊ नये.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. कामगार थोडे असतील तर दुकान कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की सेवेवर जीएसटी नोंदणी लागते. हत्यारांसाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळू शकते. पण गरजेपुरतेच घ्या. बंद घरांची राखण करणाऱ्यानेच कर्जात बुडावे, हे शोभत नाही.

शेवटची आणि मोठी गोष्ट

लेखी आदेश आणि अधिकारी समोर असल्याशिवाय कोणत्याही घराचे कुलूप उघडू नका. कोणी तोंडी सांगेल, जास्त पैसे देऊ करेल, तरी नाही म्हणा. वसुलीची दमदाटी हे आपले काम नव्हे.

जप्त घरात भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतात, देव्हाऱ्यात किंवा क्रुसाजवळ विझलेली वात असते, कपाटात शाळेचे दाखले असतात. घर तारण असते, हे सामान तारण नसते. कागदपत्रे, फोटो, देव आणि औषधे वेगळ्या पेटीत भरून, यादी करून अधिकाऱ्याच्या हवाली करा. भंगारवाल्याला परस्पर एक तांब्याही देऊ नका. मूळ मालक पैसे भरून परत येऊ शकतो. तो न आला तरी त्याच्या वस्तू त्याच्याच आहेत. त्या घराची गोष्ट गावच्या पारावर सांगू नका. आजारपण, गेलेली नोकरी, बुडालेला व्यापार यांतले काय कोणाच्या वाट्याला येईल, ते सांगता येत नाही.

बंधू-भगिनींनो, परक्याच्या घराची किल्ली हातात येणे हा मोठा विश्वास आहे. येत्या मे महिन्यापूर्वी आपल्याच आळीतल्या एका बंद घराच्या मालकाला विचारा, एका पावसाळ्याची राखण अंगावर घ्या आणि वही नीट लिहा. पावसाळा संपल्यावर घर कोरडे आणि हिशेब चोख निघाला, तर दुसरे काम त्याच मालकाच्या ओळखीने मिळेल.