जबलपूरची सावली आणि सूर्यमाला

जबलपूर येथील एखाद्या शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्यात उभी रोवली आणि वर्षभर मध्यान्ही तिची सावली मोजीत गेले, तर एक लक्षणीय गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. 22 डिसेंबरच्या सुमारास ही सावली काठीहूनही थोडी लांब, म्हणजे सुमारे 106 सेंटिमीटर भरते. पुढे ती आखूड होत होत 12 जूनच्या सुमारास, मृग नक्षत्रात, काठीच्या पायथ्याशीच लोप पावते. त्यानंतर सूर्य किंचित उत्तरेस सरकतो, 21 जूनला परत फिरतो आणि 30 जूनच्या सुमारास, आर्द्रा नक्षत्र चालू असता, पुन्हा नेमका डोक्यावर येतो. त्या वेळी मात्र आकाश बहुधा मेघांनी झाकलेले असते.

येथे मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बाराचा ठोका नव्हे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे. जबलपूर त्या रेषेच्या पश्चिमेस असल्यामुळे तेथे जूनमध्ये सूर्य मध्यावर येण्यास बारा वाजून दहा मिनिटे किंवा थोडे अधिक होतात. हा प्रयोग करणाऱ्याने केवळ सावलीकडे पाहावे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे दृष्टीस घातक आहे.

सावलीच्या ह्या फेरफाराचे कारण पृथ्वीच्या अक्षात आहे. हा अक्ष पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलावर लंब नसून सुमारे 23.4 अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य उत्तरेस ज्या मर्यादेपर्यंत डोक्यावर येऊ शकतो, ती मर्यादा म्हणजे कर्कवृत्त. ते जबलपूरच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरांवरून जाते. त्याहून उत्तरेकडे असलेल्या दिल्लीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

असा कल केवळ पृथ्वीलाच आहे असे नाही. मंगळाचा अक्ष सुमारे 25 अंशांनी कललेला असल्याने तेथेही ऋतू होतात. गुरूचा कल अवघा 3 अंश आहे. युरेनस तर जणू आडवा पडूनच सूर्याभोवती फिरतो.

बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे आठ ग्रह, त्यांचे उपग्रह, प्लूटोसारखे बटुग्रह, मंगळ व गुरू ह्यांच्या दरम्यान फिरणारे असंख्य लघुग्रह आणि दुरून येणारे धूमकेतू मिळून सूर्याचा परिवार होतो. ह्या साऱ्या परिवारातील द्रव्याचा शेकडा 99 हून अधिक भाग एकट्या सूर्यात आहे. पृथ्वी सूर्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे. नेपच्यून त्याच्या तीसपट दूर असून त्याची एक प्रदक्षिणा सुमारे 165 वर्षांची असते.

सूर्याचे आकर्षण प्रबळ असले तरी ग्रहही एकमेकांस ओढीत असतात. युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून गणित मांडूनच 1846 मध्ये नेपच्यूनचा शोध लागला. पृथ्वीवरही अशीच ओढ आहे. विशेषतः शुक्र आणि गुरू ह्यांच्या आकर्षणामुळे तिच्या कक्षेचे प्रतल अतिशय मंद गतीने बदलते आणि त्यामुळे अक्षाचा कल सध्या कमी होत आहे. परिणामी कर्कवृत्त दरवर्षी सुमारे 14 ते 15 मीटर दक्षिणेकडे, म्हणजेच जबलपूरच्या दिशेने, सरकत आहे.

ह्या गतीने सुमारे दोन हजार वर्षांनी कर्कवृत्त जबलपुरावरून जाईल. तेव्हा तेथील काठीची सावली वर्षातून दोनदा नव्हे, एकदाच लोपेल. आणि त्यापुढे अनेक सहस्र वर्षे ती लोपणारच नाही. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या ग्रहांच्या ओढीची नोंद अशा रीतीने शाळेच्या पटांगणातील एका काठीच्या पायथ्याशी होत असते.