आठ जणांत एक घोरणारा

दिवसभर वीस-पंचवीस किलोमीटर चालून आलेला माणूस रात्री लाकडी फळ्यांवर आपली स्लीपिंग बॅग पसरतो. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसे, अगदी खांद्याला खांदा लावून झोपलेली. बॅटऱ्या विझतात आणि पाच-दहा मिनिटांत कोपऱ्यातून करवत चालल्यासारखा आवाज सुरू होतो. अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलाचियन पायवाटेवर चालणाऱ्यांच्या हे चांगलेच परिचयाचे आहे. १९३७ साली पूर्ण झालेली ही वाट जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. तिच्यावर २५० हून अधिक निवारे आहेत. तीन बाजूंना भिंती, वर छप्पर, चौथी बाजू उघडी आणि आत झोपण्यापुरता लाकडी ओटा, असे त्यांतील बहुतेकांचे स्वरूप. आपल्याकडे गडावरच्या देवळात किंवा गुहेत मुक्काम केलेल्यांना या प्रसंगाचे अधिक वर्णन करायला नको!

विषय विनोदाचा वाटतो. पण दुसऱ्या दिवशी पाठीवर ओझे घेऊन ओल्या दगडांवरून आणि झाडांच्या मुळांवरून चालायचे असते. झोप न झालेल्या माणसाचे लक्ष आणि तोल दोन्ही कमी पडतात. म्हणून घोरणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ.

जागेपणी घशातील स्नायू ताठ असतात आणि श्वासाची वाट मोकळी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. उताणे झोपल्यास जीभ मागे घसरते आणि वाट आणखी अरुंद होते. अरुंद वाटेतून जाताना हवेचा वेग वाढतो व तेथील दाब घटतो. त्यामुळे टाळूचा मागचा मऊ भाग व पडजीभ आत ओढली जातात, प्रवाह अडतो, दाब पुन्हा बदलतो, वाट उघडते. हे दर सेकंदाला अनेक वेळा घडते. हा फडफडाट म्हणजेच घोरणे.

वर्गात याचा खेळ करता येईल. ओठ सैल सोडून, घोडा फुरफुरतो तशी हवा सोडायला मुलांना सांगा. मग हळूहळू ओठ ताणायला सांगा. आवाज आधी बदलतो आणि शेवटी बंद होतो. हवा तीच, फुप्फुसेही तीच; फरक फक्त स्नायूंच्या ताणाचा. (हा प्रयोग तासाच्या शेवटी घेतलेला बरा. एकदा सुरू झाला की वर्ग आवरत नाही.)

आता चालणाऱ्याकडे वळू. झोपेची उधारी साठली की घशाचे स्नायू अधिकच ढिले पडतात. थंड हवेने किंवा सर्दीने नाक चोंदले की तोंडाने श्वास घ्यावा लागतो. उशीही धड नसते. त्यातून कोणी थकवा घालवायला मद्याचा घोट घेतला असेल तर स्नायू आणखी शिथिल होतात. म्हणजे एरवी घरी न घोरणारा माणूसही निवाऱ्यात घोरू शकतो, आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

ऐकणाऱ्याला मात्र दोन गोष्टी नडतात. पहिली म्हणजे रानातील शांतता. शहरात हाच आवाज रहदारीत बुडाला असता. दुसरी म्हणजे आवाजाचा अनियमितपणा. जवळच ओढा खळखळत असेल तर आपण खुशाल झोपतो, कारण एकसारख्या आवाजाची मेंदूला सवय होते. घोरणे मात्र चढते, थांबते, मध्येच फुस्कारते. आता पुढचा कधी येणार, याकडेच कान लागून राहतात.

मग दूर जाऊन झोपावे काय? थोडे गणित करू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. समजा, घोरणाऱ्यापासून एका मीटरवर ती ६० डेसिबल आहे. २ मीटरवर ५४, ४ मीटरवर ४८ आणि १६ मीटरवर ३६ होईल. पण हे झाले मोकळ्या जागेचे. निवाऱ्याच्या भिंती आवाज परतवतात, त्यामुळे आत घट याहून कमी होते. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकून फारसे साधत नाही. बाहेर थोड्या अंतरावर तंबू ठोकला तर खूप साधते. अर्थात हा उपाय सगळीकडे चालत नाही. ही वाट ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातून जाते. तेथे, पूर्ण वाट चालणाऱ्यांनीही निवाऱ्यात जागा असेपर्यंत निवाऱ्यातच झोपावे, असा नियम आहे.

अशा वेळी फोमचे कानबोळे कामी येतात. नीट बसवले तर ते साधारण २० ते ३० डेसिबल आवाज अडवतात. म्हणजे काही ग्रॅमच्या या वस्तूने जवळजवळ सोळा मीटर दूर गेल्याचा लाभ मिळतो. बरेच जण ते नुसते कानाच्या तोंडाशी खुपसतात आणि मग उपयोग नाही म्हणून तक्रार करतात. बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. घोरण्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो, आणि सैल बसलेल्या बोळ्यातून नेमका तोच आत शिरतो.

घोरणाऱ्यालाही काही करता येते. कुशीवर झोपणे हे पहिले. पाठीमागे गुंडाळलेले जाकीट ठेवले तर उताणे होणे टळते. रात्री मद्य घेऊ नये. आपण घोरतो हे ठाऊक असेल तर तसे आधीच सांगावे, आणि जमल्यास तंबू जवळ बाळगावा. तरीही आमच्या मते दोष त्याला देऊ नये. सार्वजनिक निवाऱ्यात येणाऱ्याने आवाजाची तयारी ठेवूनच यावे. शेजाऱ्याला हलकेच हलवून कुशीवर व्हायला सांगणे यात गैर काही नाही. पायातला बूट फेकून मारणे यात आहे.

एका बाबतीत मात्र शेजाऱ्याने कान उघडे ठेवावेत. मोठे घोरणे चालू असताना ते एकदम थांबते, छाती-पोट हलत असते पण श्वास आत जात नाही, आणि दहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळाने माणूस गुदमरल्यासारखा हबकून श्वास घेतो. रात्रीतून हे पुन्हा पुन्हा घडते. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. वाट पूर्ण बंद झाल्याने रक्तातील ऑक्सिजन घटतो, झोप सतत मोडते, आणि वर्षानुवर्षे हे चालले तर रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो. प्रत्येक घोरणाऱ्याला हा विकार असतो असे नाही. पण ज्याला असतो, त्याला तो स्वतः ऐकू येत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत निवाऱ्यातला शेजारीच कदाचित पहिला साक्षीदार असेल. सकाळी चहाच्या वेळी थट्टा करण्याऐवजी त्याला बाजूला घेऊन, किती वेळा आणि किती सेकंद श्वास थांबला, दिवसा पेंग येते काय, हे बोलावे व डॉक्टरांकडे जायला सुचवावे. या विकारावर उपाय आहे. नाकावाटे किंचित दाबाखाली हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली, आणि ती आज जगभर वापरली जाते.

विद्यार्थ्यांना घेऊन हिमालयात जाणाऱ्या शिक्षकांनी येथे एक फरक ध्यानात ठेवावा. तीन हजार मीटरच्या वर निरोगी माणसाचाही श्वास झोपेत काही सेकंद थांबतो व नंतर चार-पाच खोल श्वास येतात. येथे घसा बंद झालेला नसतो. विरळ हवेमुळे श्वासाचे नियंत्रणच हेलकावे खात असते, आणि त्या विरामात छाती-पोटही स्थिर असते. तेवढ्यावरून कोणाला रोगी ठरवू नये. खाली उतरल्यावर, घरी तो कसा झोपतो, ते घरच्यांना विचारावे.